कडेची बोटभर

नवी स्कर्टिंग जुनीपेक्षा बारीक निघाली,
म्हणून भिंतीलगत उघडी पडली बोटभर पट्टी:
काळी पडलेली लाख, रंगाचे वाळके ओघळ,
एक आकडा केसांचा.
घरभर, चारही खोल्यांत.

लेइफ फोनवर म्हणाला,
"वरून गोल पट्टी ठोक, सोल्विग, आणि मोकळी हो.
मार्चमध्ये विकायचंच आहे.
घेणारा काय गुडघ्यांवर बसून बघणार आहे?"

मी बसलेय गुडघ्यांवर.
खाली डुलुथचं तळं गोठतंय,
मधूनच कुणी दार आपटावं तसं वाजतं.
यंत्र भिंतीपर्यंत पोचत नाही,
चार बोटं अलीकडेच अडतं त्याचं तोंड.
तिथून पुढे हात.
खरवडणी, कानस, साठ नंबरचा पेपर,
मग ऐंशी, मग एकशेवीस,
आणि कोपऱ्यात नुसती पटाशी, श्वास रोखून.

बाबांनी तालुकाभरच्या शाळांची
बास्केटबॉलची मैदानं घासली.
त्यांच्या मेपलमध्ये पोरं भांग पाडत.
घरी मात्र कडा तशाच.
उरलं त्यावर जाड स्कर्टिंग ठोकली,
कपाट सरकवलं, आईचं शिवणयंत्र सरकवलं.
"कडा कधी करणार, ऑर्व्हल?" आई विचारायची.
"कडांवर कोण चालतं?"

काल उपटलेल्या पट्टीच्या पाठीवर
त्यांची पेन्सिल दिसली:
चौदा फूट, पावणेतीन इंच.
त्याखाली, तिरकं, घाईत:
४–३, जादा वेळेत.

म्हणजे रेडिओवर हॉकी चालू होती!
मास्कच्या आत इतकी हसले
की चष्म्यावर वाफ धरली,
मग बराच वेळ ती गेलीच नाही.

रंग काही जुळेना.
तीन डबे आणले, तिन्ही परके.
मधल्या लाकडानं साठ वर्षं ऊन खाल्लंय,
लोकरीचे मोजे, सांडलेली कॉफी,
बोसन कुत्र्याची नखं.
ते दुकानात कुठून मिळणार?
शेवटी दोन डबे चमच्यानं मिसळले,
चिंधीनं लावलं, चिंधीनंच पुसलं.
दुपारी फरक दिसतो.
दिवा लावल्यावर जरा कमी.

गोल पट्टी मी ठोकत नाही, लेइफ.

नव्या स्कर्टिंगच्या पाठीवर लिहून ठेवलंय,
पुढे कधी कोणी उपटेल त्याच्यासाठी:
दोन चमचे अक्रोडी, एक मधाळ.
कडा केल्या आहेत.
आज मॅच नव्हती.