हे बरं, की हे?

खडकी बाजारात माझं चष्म्याचं दुकान.
दिवसभर लोकांना एकच विचारतो :
हे बरं, की हे?
काच बदलतो, पुन्हा विचारतो.
कुणी ठाम सांगतं, कुणी म्हणतं दोन्ही सारखंच,
कुणी मला बरं वाटावं म्हणून
न दिसणारी ओळसुद्धा घडाघडा वाचतं.

तीन वर्षं मीही तशीच वाचली.

बोपोडीला दुसऱ्या मजल्यावर भाड्याचा हॉल.
महिन्याचा पहिला रविवार, उपासाचा.
एकेक जण उठून माईकपाशी जातो आणि म्हणतो,
मला माहीत आहे.
सिस्टर खरात म्हणतात. तेलुगू वळणाच्या मराठीत
एल्डर रत्नम म्हणतो.
छोटी जेमिमा, आईने कानात सांगितलेलं,
मला माहीत आहे, मला माहीत आहे.
मीही म्हणायचो. घरी येऊन सुवार्ताशी बोलायचो नाही.

बाविसाव्या वर्षी दोन पोरं दुकानात आली होती,
चष्म्याचा स्क्रू पडला म्हणून.
बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं, सोन्याचे पत्रे होते,
आणि ते वाचायला चांदीच्या कडीत बसवलेले दोन दगड.
म्हणजे चष्माच की, मी म्हणालो.
मला ती गोष्ट आवडणारच होती.

मग कधीतरी, खूप वर्षांनी,
चर्चच्याच कागदांत वाचलं :
टोपीत ठेवलेला एक दगड,
आणि टोपीत खुपसलेलं तोंड.
पुढे बायका. किती, ते मोजायचं मी सोडून दिलं.
आईला कळलं तेव्हा ती फक्त भांडी घासत राहिली.
तिचं चर्च रस्त्यापलीकडे, घंटेचं, जुनं.
रात्री म्हणाली, मेलेल्यांनाही तुम्ही
न विचारता पाण्यात घालता म्हणे.

एका बुधवारी इस्माईलला म्हटलं,
आज खरा चहा आण.
बावीस वर्षं तो मला गवती चहा आणतो,
पत्ती न घालता, आणि रोज हसतो :
साहेब, नाव तर चहाच आहे ना?
त्या दिवशी हसला नाही.
ग्लास ठेवला. माझ्याकडे बघितलं. ग्लास उचलला.
म्हणाला, रागात सोडू नका.
सोडायचंच असेल तर उद्या सकाळी सोडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी राग नव्हता.
चहाची इच्छाही नव्हती, गंमत म्हणजे.

मी ड्रॉवर उघडला. स्क्रूंच्या डबीखाली
एक कागद आहे. दोन हिवाळे घालवून मिळवलेला.
दापोडीच्या जुन्या रजिस्टरात तिची नोंद
भागूची बायको, एवढीच.
मग एका म्हाताऱ्या आत्याला आठवलं
पुरणाच्या वासावरून,
तान्हूबाई. आपल्या पणजीचं नाव तान्हूबाई.
हे नाव शोध, असं मला
दुसऱ्या कुणीही कधी सांगितलं नव्हतं.
शाळेने नाही, सरकारने नाही,
आईच्या घंटेनेही नाही.
टोपीतल्या दगडापासून सुरू झालेलं काहीतरी
भटकत भटकत तिच्यापर्यंत आलं होतं.
आता हे खरं की ते, असं
मला स्वतःला विचारता येईना.
काच बदलली तरी भिंतीवरची अक्षरं
तीच असतात. आणि काही डोळ्यांना
शेवटची ओळ कुठल्याच काचेने दिसत नाही,
तरी माणसं चालतात, रस्ता ओलांडतात,
भाजी निवडतात.

या रविवारी उठलो. माईक नेहमीसारखा करकरला.
म्हणालो, मला माहीत नाही.
पंखा ऐकू येत होता.
म्हणालो, तान्हूबाई माझी पणजी, हे माहीत आहे.
बाकीचं मला हवंसं वाटतं.
हवंसं वाटतं म्हणून मी इथे येतो.
आमेन जरा उशिरा आलं, पण आलं,
सिस्टर खरातांचं सगळ्यांत मोठं.
त्याआधीच भाकर वाटून झाली होती,
आणि कागदी पेल्यात ते घोटभर पाणी,
ज्याने तहान भागत नाही,
आणि भागावी अशी अपेक्षाही नसते.

सुवार्ता घरी येताना बोलत होती, खूप,
कशाकशाबद्दल.

कागद अजून ड्रॉवरमध्येच आहे.
नाव पाठवलेलं नाही.
तिला विचारायचं राहिलंय.