पाठकोरे

शनिवारी आप्पा बळवंत चौकातून
तीन गठ्ठे आले, फुकट:
मुहूर्त चुकीचा छापलेल्या लग्नपत्रिका.
काशीद सर म्हणाले, पाठकोऱ्या आहेत ना, मग झालं.

आमचं कलाकेंद्र म्हणजे
टिंबर मार्केटमागची बंद पडलेली गिरणी.
पंखा लावला की अजून कुठून तरी पीठ उडतं,
पोरांच्या भुवया पांढऱ्या होतात,
आणि भाडं मी
‘पुढच्या आठवड्यात नक्की’ असं बोलून भरतो.

महानंदा दुपारभर हात काढत होती. नुसते हात.
आईचा, भांडी घासून सोललेला.
करवतीवाल्या हुसेनचाचांचा,
दोन बोटं कमी, तसाच.
माझा, पावतीपुस्तकाच्या शाईचा.
रविवारी तिला बघायला येणारेत,
हे फक्त मला माहीत.

प्रदर्शनात दोरीवर चिमट्यांनी टांगलं सगळं.
वारा आला की कागद वळायचे
आणि लोक वाचायचे,
आमचे येथे श्रीकृपेकरून,
पुढं कुणाचं तरी नाव.

तिची आई उशिरा आली, कामावरून.
स्वतःचा हात बराच वेळ बघितला तिनं.
मग चिमटा काढून कागद उलटला,
म्हणाली, ह्या बाजूला काय लिहिलंय गं?

काही नाही, महानंदा म्हणाली,
तारीख चुकली होती.