पान एकसष्ट

किनवटच्या डेपोतून लिलावात सुटलेला ओंडका
तीन दिवस उकळत होता हौदात.
तिसऱ्या दिवशी सगळ्या शेडला
ओल्या चामड्याचा वास सुटला
तेव्हा गफ्फार मिस्त्री म्हणाले, आता झाला मऊ.
सागाला शिजवावं लागतं, तुरीच्या डाळीसारखं,
आमच्या नांदेडच्या जड पाण्यात जरा जास्तच.

मग पातं.
ओंडका खाली-वर, पातं जागेवर,
आणि प्रत्येक फेरीला एक पान,
अर्धा मिलिमीटर, गरम,
हातावर घेतलं की मांड्यासारखं लोंबतं.

माझं काम खडूनं आकडे घालायचं.
एक, दोन, तीन. क्रम मोडायचा नाही.
शेजारची दोन पानं पोथीसारखी उघडून ठेवली
की एका गाठीचे दोन डोळे होतात
आणि भिंत माणसाकडं बघायला लागते.
त्याचेच पैसे. मागं नुसता सफेदा असतो.

चाळीस पानं सरळ गेली.
एकेचाळीसाव्याला निळा-काळा डाग,
शाई सांडावी तसा, वीतभर वर, वीतभर खाली.
मी हात वर केला. मशीन थांबेपर्यंत
कर्र झालंच.

खिळा.
कुणीतरी उभ्या झाडात ठोकलेला,
झाडानं गिळलेला.
मिस्त्री पात्याची खाच अंगठ्यानं चाचपत
आधी आईबहिणीवर आले, मग गप्प बसले.
वेलजीभाई म्हणाले, डागी माल बाजूला काढ.
एकशे दोनपर्यंत डाग होता.

जेवणाच्या सुट्टीत ओंडक्याच्या तोंडाशी बसून
सालीपासून आत वर्षं मोजली, नखानं.
"काय बघायलीस, टेकामबाई?"
काही नाही.
बावीस, नाहीतर तेवीस. एक वर्ष केसासारखं होतं,
त्या साली पाऊस कुठं होता.
तेव्हा मी मांडवीच्या शाळेत.
सागाची कवळी पानं चुरून
तळहात लाल करायचो आम्ही,
अन् आप्पा जंगलात रोजंदारीवर,
भाकरीचं फडकं टांगायला
खिशात खिळे ठेवायचे.

हजार जण ठेवत असतील.
मी काही म्हणत नाही.

चांगली पानं लातूरला गेली, एका सराफाच्या पेढीत.
तिथं चाळीसच्या शेजारी एकशे तीन बसलंय.
रेघ थोडी सरकलेली दिसेल, बघितलं तर.
पण येणाऱ्याची नजर काट्यावर असते.

एकसष्ट नंबर मी मागून घेतलं.
जाळायला का, वेलजीभाईंनी विचारलं.
हो म्हणलं.

घरी खिडकीला लावलं.
सागातून ऊन लालसर येतं
हे इतकी वर्षं काम करून माहीत नव्हतं.
खिळ्याच्या भोकातून मात्र पांढरं,
ज्वारीच्या दाण्याएवढं, भिंतीवर.
पोरगी ते बोटानं झाकायची, सोडायची.

चैत्रातलं ऊन. दुपारपर्यंत पान वळलं,
मग भोकापासून वर तडकत गेलं,
बारीक आवाज करून.
पोरगी म्हणाली, आई, आता दोन झाली.
मी खडू शोधायला उठले.