कडेची घरं

आमच्या लायब्ररीत पुस्तक एकही नाही.
उणे वीसच्या फ्रीजमध्ये बावीसशे चाळीस रेणू,
प्रत्येकाला एक नंबर, चिमूटभर जागा,
आणि झाकण उघडलं की लसणासारखा दर्प.
आईला अजून वाटतं, शिरपूरला मी खानावळीत आहे.

यादी भारंबे सरांची, दोन वर्षं जुळवलेली.
फार जड नको. नुसता तेलात रमणारा नको.
पोटातून रक्तात शिरेल इतका लहान हवा.
दिसेल त्याला चिकटणारा तर नकोच नको;
"प्रत्येक पंगतीत बसतो तो
कुणाच्याच घरचा नसतो," म्हणायचे,
आणि लाल पेनानं एका दमात तीनशे खोडायचे.

बामणोदच्या वांग्यांच्या ढिगापुढे
एक बाई अशीच उभी असते. उचलते, ठेवते.
हाताला हलकं लागलं तर बी कमी, भरताला चालेल.
कारण विचारलं की हसते.
आम्हाला कारण लिहावं लागतं, तारखेसह.

रक्त धडगावहून येतं, शहाद्यामार्गे,
एसटीत ड्रायव्हरच्या पायाशी.
"डबामा काय शे?" त्यानं एकदा विचारलं.
"रगत शे," म्हटल्यावर पुढचे सगळे खड्डे
तो हळू उतरला.

एका खेपेला डब्याबरोबर दारक्या पावरा आला,
ज्याचं रक्त तो. वय एकोणीस, आयटीआय, वायरमन.
सही केली, मग म्हणाला, दाखवा.
मी पेशींवरचा ऑक्सिजन काढला.
गोल होत्या त्या ओढल्यासारख्या लांबल्या,
वाकल्या, टोकं आली. विळे.
एकात एक अडकलेले.
त्यानं बराच वेळ डोळा काढला नाही.
"हे दिसतं होय," म्हणाला,
"मला वाटायचं, नुसतं दुखतं."

मे महिना. बाहेर पंचेचाळीस, आत लाइट गेलेली.
पहिल्या फेरीत सतरा घरांत
एकही पेशी वाकली नाही.
सतरा!
कुणीतरी पेढे आणले.
मी नकाशा काढला तर सतराही कडेला,
एकही मधे नाही.
उन्हानं कडेची घरं आटली होती.
पेशी सुकून मेल्या होत्या.
मेलेलं वाकत नाही.

पेढे संपवले. फेकून कोण देणार.

मग कडेच्या छत्तीस घरांत नुसतं पाणी.
मधे छप्पन रेणू, चार साक्षीदार:
दोन ज्यांना काहीच दिलं नाही,
दोन ज्यांचा निकाल आधीच ठाऊक.
अठ्ठावीस प्लेटांच्या चाळीस झाल्या.
अंगठा रात्री झोपेतही पिपेट दाबायचा.

एकोणिसावी प्लेट, ई-सात.
शंभरातल्या नव्वद वाकायच्या तिथे साठच वाकल्या.
मी कुणाला सांगितलं नाही.
बाटलीतून ताजी पूड घेतली, दुसरा दिवस, दुसरं रक्त.
तेच.
अर्धा डोस दिला, परिणाम अर्ध्यावर आला.
पाव दिला, पावावर.
इतकं सरळ वागणारं
बऱ्याच दिवसांत कुणी भेटलं नव्हतं.

सरांनी जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर त्याचं चित्र काढलं:
दोन कड्या, मधे नायट्रोजन, एक लांब हात.
हात तोडून बघू. इथे क्लोरीन बसवू.
इथे मिथाइल, तिथे काहीच नको.
अठरा चुलतभाऊ कागदावर जन्मले,
त्यातले अकरा बनवताच येणार नव्हते.
उरलेल्यांपैकी सहा मुळापेक्षाही मठ्ठ निघाले.

दारक्याचा फोन आला, पोलवरून उतरल्यावर.
सापडलं का काही?
औषध हा शब्द मी तोंडाबाहेर येऊ दिला नाही.
म्हटलं, एक जण थोडं थांबवतो. काचेवर.
माणसात नाही अजून. अजून कितीतरी वर्षं.
किती थांबवतो?
अर्धा तास.
मागे कुठेतरी बकरी ओरडत होती.
"अर्धा तास पुष्कळ असतो, मॅडम,"
तो म्हणाला. "तुम्हाला माहीत नाही."

नव्हतं माहीत.
फोन ठेवून मी नवी प्लेट घेतली,
आधी कडेला पाणी भरलं.