शेवटचा क

सकाळीच जेपिटी म्हाताऱ्याचा फोन.
राग नाही, नुसता खवचटपणा:
“उलीपीका, तीन दिवस घरात बसवलंस मला.
तुझ्या पानावर सगळे चौकोनच.
मला वाटलं पोरगी चित्र काढून सांगतेय,
समुद्र फुटला, लाद्या सुट्या झाल्या.”

मी लिहिलं होतं, बेटापर्यंत बर्फ पक्का,
माझ्या कमरेपेक्षा जाड. खुशाल जा.
त्याच्या हातात पडलं ते:
□□□ □□□□□ □□

पांगनिर्तुंगला एप्रिलात रात्री नऊलाही उजेड.
शिकारी संघाच्या कचेरीत, हीटरला पाय लावून
मी चार ब्राउझर उघडून बसले.
एकात अक्षरं शहाण्यासारखी उभी.
दुसऱ्यात उंच-बुटकी, दोन घरांतून उसनी आणल्यासारखी.
तिसऱ्यात चौकोन.
चौथ्यात, जुन्या कॉम्प्युटरवर, प्रश्नचिन्हांची रांग.

चौकोन परवडला.
चौकोन म्हणजे अक्षर पोचलंय,
फक्त अंगावर घालायला तिथे काही नाही.
प्रश्नचिन्ह म्हणजे ते वाटेतच गेलं,
आता कितीही हाका मारा.

आणि संघाच्या जुन्या फायली तर औरच.
त्यात इंग्रजी अक्षरांनी आमच्या अक्षरांचं सोंग घेतलेलं,
फॉन्ट उतरवला की खाली भलतंच:
डब्ल्यू, के, पुन्हा डब्ल्यू, पाच.
वीस वर्षांच्या बैठका त्या पाचाखाली पुरलेल्या.

आई पिठात बोट फिरवून शिकवायची:
त्रिकोणाचं टोक वर, पि.
उजवीकडे, पु. डावीकडे, पा.
“दिशा चुकलीस तर शब्द चुकतो,” म्हणायची,
आणि पीठ तसंच मळायला घ्यायची.
तिला कुणी विचारलं नव्हतं,
तुझ्याकडे हा फॉन्ट आहे का.

मग मी पानाच्या अगदी माथ्यावर
कुठली लिपी-सारणी वाचायची ते लिहिलं,
आणि फॉन्ट पानासोबतच बांधून दिला, शिदोरीसारखा.
समोरच्या घरी काही शिजलेलं असेल
या भरवशावर कोण निघतं प्रवासाला?
इथे इंटरनेट उपग्रहावरून येतं, मापून, महाग.
म्हणून शिदोरीतून ग्रीक काढलं, रशियन काढलं,
गणिताची चिन्हं, पत्त्यांचे बदाम-किलवर, सगळं.
आमची तेवढी ठेवली
आणि आकडे, जाडी सांगायला.

जेपिटीच्या टॅबलेटची काच तडकलेली,
तो भाचीने टाकून दिलेला.
फोनवर त्याचा श्वास ऐकत बसले.
मागे चहाची किटली, कुत्रं, पुन्हा श्वास.

मग तो वाचू लागला, मोठ्याने, बोट ठेवून असावा.
बेट आलं. कंबर आली.
आणि थांबला.

“तुवा?” म्हणाला. “तुवा काय असतं?
किनाऱ्याला धरून असतो त्या बर्फाला तुवाक म्हणतात.
शेवटचा क कुठाय, तो घशातला,
वर बसतो तो इवलासा?”

मी पाहिलं. खरंच नव्हता.
चारही ब्राउझरांत, अगदी ठळक,
सारखाच नव्हता.

“घालते,” म्हटलं.
“घाल. तोवर मी स्लेज बांधतो.”