गळती

सोहारच्या या इस्पितळात बाराशे चाळीस दारं.
किल्ल्या माझ्या कमरेला. पण मी असतो
फॉल्स सीलिंगच्या वर, डक्टच्या पोटाशी,
जिथं कुणाचा तरी पाना पडून आहे
मी यायच्या आधीपासून.

ऑगस्टात फोन पहाटेच सुरू होतात.
बालरुग्ण विभाग: गरम होतंय.
डायलिसिस: टपटप आवाज येतो.
शवागारातून तक्रार येत नाही,
म्हणून तिथला काटा मी स्वतः बघतो,
दिवसातून दोनदा.

चौदा नंबरच्या एसी यंत्रामागं पाणी ठिबकायचं.
तीन वेळा पाइप बदलला. हरलो.
मग शफिकुलनं तेलाचा रिकामा डबा ठेवला,
मातीत नोआखालीचं बी.
तो म्हणतो पुई.
आम्ही खेडकडचे, मायाळू.
आता वेल पाइपाला धरून वर चढलाय,
पानं जाड, देठ जांभळे,
रात्रपाळीला डाळीत घालतो.

गुरुवारी तपासणी. नियम स्पष्ट:
यंत्राजवळ परकी वस्तू नको.
काढून टाक, म्हणायला गेलो
आणि रजिस्टरात लिहून आलो:
ड्रेन लाइन चौदा. फिटिंग एक. चालू.

मकबाली साहेब वाकले,
पांढऱ्या दिशदाशाची कड सावरत
एक पान चिमटीत धरून बघितलं.
"इथं गळती होती ना?"
"होती, साहेब."

त्यांनी सही केली.
शफिकुल तेवढा वेळ
कोरडी लादीच पुसत होता.