फळं आहेत का?

बावीस वर्षं मी हाच प्रश्न विचारला.
फळं आहेत का? मध? भाज्या? बुटाला माती?
नलारबॉरचं माळरान, दिवसभर गाडी हाकली तरी तेच,
मग एकदम छप्पर, दिवे, आडवा बांबू
आणि निळ्या हातमोज्यांत मी.
पूर्वेची फळमाशी पश्चिमेत शिरता कामा नये.
लोक हसायचे, डिकी उघडायचे,
रेघेच्या पलीकडे उभ्याउभ्या
पोरं तीन-तीन केळी संपवायची.

रेघ म्हणजे एकशे एकोणतीस अंश पूर्व.
मी कधी पाहिली नाही. रस्त्यावर रंग दिलाय तेवढीच.
आमचं घड्याळही अध्येमध्ये लटकलेलं:
त्यांच्या मागे पाऊण तास, पर्थच्या पुढे पाऊण तास.

मग त्या एप्रिलमध्ये हुकूम आला: आता माणसं.
माझ्या शेजारी पोलीस बसले, खुर्ची माझीच घेऊन.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.
आजोबांनी तेहतीस साली मत दिलं होतं,
आम्हाला वेगळं राहू द्या म्हणून.
लंडनने अर्ज परत धाडला.
सत्याऐंशी वर्षांनी तो मंजूर झाला
एका विषाणूच्या सहीने.
नॉर्समनच्या पबात त्यांच्या फोटोपुढे कुणी बीअर ठेवली.
आमच्याकडे लग्नं झाली, फुटबॉल झाला,
टीव्हीवर इतरांच्या शवपेट्या मोजत
आम्ही एकमेकांना सॉस सरकवला.
दार लावून घेतलं की घर किती आपलं वाटतं!

आर्नल्ड, मिर्निंग म्हातारा, डिझेल भरायला आला.
म्हणाला, काय ग्लेनिस, आता तुम्हालाही पास लागतो का?
माझ्या मामाला पर्थमध्ये शिरायला लागायचा.
मी पावती फाडून दिली.
दुसरं काय देणार?

जुलैत अर्विन नॉस्के आला. लोक्सटनचा, साठीचा.
मागे तेराशे किलोमीटर, पुढे नऊशे,
आणि नऊशेच्या टोकाला एस्परन्सच्या इस्पितळात त्याची आई,
फुप्फुसात पाणी.
परवानगी? फोन पुढे केला: ‘अर्ज विचाराधीन.’
पोलीस पोरगा कोवळा होता, मान खाली घालून म्हणाला, परत फिरा.
अर्विनने वाद घातला नाही. म्हणाला,
मग निदान ही संत्री तरी पाठवा. तिनेच लावलेलं झाड आहे.
मी म्हटलं, साहेब, माणसांचं आत्ता सुरू झालं.
संत्री तर कधीच चालत नव्हती.
यावर आम्ही तिघंही हसलो,
आणि हसू संपल्यावर कुठं बघायचं ते कुणाला कळेना.

त्याचे मागचे दिवे खूप वेळ दिसत राहिले.
सपाट जमिनीवर निरोप लवकर संपत नाही.

पेटी खड्ड्यात ओतून फावड्याने ठेचायची, असा नियम.
मी एक बाजूला काढलं.
कड्याच्या टोकाला जाऊन सोललं.
खाली समुद्रात एक देवमाशीण पिल्लाला घेऊन
अंगावर पाणी घेत पूर्वेकडून पश्चिमेकडे चालली होती,
आरामात.
संत्रं गोड होतं. फार गोड, थोडं सुकलेलं.
बिया मोजून पाकिटात घातल्या, जाळल्या.
तेवढा नियम पाळला.

परवानगी तिसऱ्या दिवशी आली म्हणे.
अंत्यविधीला दहा माणसं, खाली बारीक अक्षरात अटी.
तो आला नाही.

सीमा उघडली तेव्हा दुसरं वर्ष उलटून गेलं होतं.
पोलीस गेले, माझी खुर्ची मोडकी होऊन परत मिळाली.
पहिल्याच आठवड्यात एक पांढरी गाडी थांबली,
काच खाली आली.
मी ओळखलं. त्याने ओळखलं की नाही, सांगता येत नाही.
दुसरा प्रश्न मला येत नाही, म्हणून विचारलं,
फळं आहेत का?
नाहीत, म्हणाला.
आणि मी न सांगताच खाली उतरून
त्याने डिकी उघडली.
गाड्या मागे खोळंबल्या, कुणी हॉर्न दिला.
तो रिकामी डिकी
धरून उभा राहिला.